ट्रॅक सगळ्यांचा, पण पाळी कुणाची?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. लेकीकडे इंग्लंडला येऊन तीन महिने होत आले. इथली थंडी, शेजाऱ्यांचे गुलाब, शनिवारचा बाजार असं काहीतरी लिहीन अशी नाशिकच्या वहिनींची अपेक्षा होती. माझीही होती. पण आज लिहिणार आहे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांविषयी. आणि भांडायला बसले आहे, हेही आधीच सांगून टाकते. :)

डोंबिवलीच्या भाऊजींना फोनवर थोडं सांगितलं, तर ते हसायलाच लागले. "अहो वहिनी, खेळण्यातल्या गाड्या त्या. त्यावरून काय वाद घालता? एक ट्रॅक आहे, सगळ्यांनी मिळून वापरायचा. वाटून घ्यायला तुम्हीच शिकवलंत ना आयुष्यभर?" शिकवलं खरं. म्हणूनच लिहिते आहे. मिळून वापरणं आणि वाटून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला स्वतःला सत्तरी उलटावी लागली.

आधी प्रकरण काय ते सांगते. माझी नात दहा वर्षांची आहे. जावईबापूंनी तिला गेल्या वर्षी एक छोटी रिमोटची गाडी घेऊन दिली. गावाबाहेर एका शेताच्या कडेला या गाड्यांचा क्लब आहे. मातीचा वळणावळणांचा ट्रॅक, मधे उड्या मारायला उंचवटे, कडेला जाड प्लास्टिकच्या पाइपांची हद्द. एका बाजूला लाकडी मचाण. (त्याला इथे रोस्ट्रम म्हणतात. मला मचाणच बरं वाटतं.) सगळे चालक मचाणावर ओळीने उभे राहतात आणि तिथून हातातल्या रिमोटने गाड्या चालवतात. ऑफिसातले साहेब, नळदुरुस्तीवाले, निवृत्त झालेले, शाळकरी, सगळ्या प्रकारची माणसं. मी थर्मासमध्ये चहा घेऊन खुर्ची टाकून बसते. मला हे सगळं आवडतं, हेही नोंदवून ठेवते. नाहीतर म्हणाल, म्हातारीला कशाचंच कौतुक नाही.

या गाड्यांचे आकार अपूर्णांकात मोजतात. खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश, एक दशांश, एक अष्टादशांश. म्हणजे १/८ सगळ्यात मोठी, १/१० मधली, १/१८ छोटी. पाचवीच्या वर्गात दरवर्षी निम्मी पोरं सांगायची की १/१८ मोठा, कारण अठरा मोठे. भाजक मोठा तेवढा वाटा लहान, हे फळ्यावर भाकरी काढून काढून शिकवलं. इथे ते मातीत पळताना दिसलं. आमच्या नातीची गाडी १/१८.

आता वादाचा मुद्दा. शनिवारी सकाळी दहा ते अकरा हा तास लहान गाड्यांसाठी राखीव होता. पोरं, नवशिके, एखादी आई, एखादे आजोबा. क्लबाच्या समितीने तो तास बंद करायचं ठरवलं आहे. नवीन प्रस्ताव असा की शनिवारची सकाळ सगळ्यांना खुली. ज्याला जी गाडी आणायची ती त्याने आणावी, सगळ्यांनी एकाच वेळी चालवावी, एकमेकांना सांभाळून घ्यावं. गेले तीन शनिवार हा प्रयोग चालू आहे. सभा पुढच्या शनिवारी आहे.

ऐकायला किती छान वाटतं ना? खुलं, सगळ्यांना, सांभाळून. मी मात्र तिन्ही शनिवार तिथे बसून पाहिलं. हजेरी घ्यायची सवय हाताला आहे, म्हणून वहीत खुणा केल्या. दुसऱ्या शनिवारी पंधरा मिनिटांत नातीने आपली गाडी एकोणीस वेळा कडेला घेऊन थांबवली. मागून मोठी गाडी आली की मचाणावरून आवाज येतो, बाजूला हो! पोरगी शहाणी आहे, होते बाजूला. गाडी पुन्हा रस्त्यावर आणते तोवर दुसरी येते. म्हणजे मिळून वापरणं म्हणजे काय, तर मोठ्यांनी पळायचं आणि लहानांनी थांबायचं. दोघांची वर्गणी जमा झाली, पण ट्रॅक एकालाच मिळाला.

तिसऱ्या शनिवारी तिची गाडी उंचवट्याच्या पलीकडे उलटली. उंचवट्यामागचं मचाणावरून नीट दिसत नाही. गाडी सरळ करायला ती धावत गेली, आणि वरून उडी मारून एक मोठी गाडी थेट तिच्या छोट्या गाडीवर आली. पोरीचा हात तिथून वीतभर लांब होता. छोट्या गाडीचा पुढचा सांधा मोडला, चाक वेगळं झालं. ज्यांची गाडी होती ते गृहस्थ अगदी सज्जन. धावत आले, चारचारदा सॉरी म्हणाले, आणि लगेच दुकानातून सुटा भाग आणून देतो म्हणाले. दिलाही आणून. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. त्यांनी नियम मोडला नव्हता. नियमच तसा होता, म्हणून तर लिहायला बसले.

घरी आल्यावर मी दोन्ही गाड्यांचा हिशोब मांडला. नातीची गाडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली, ६२० ग्रॅम. त्या गृहस्थांना विचारून घेतलं होतं, त्यांची ३ किलो ४०० ग्रॅम. साधारण साडेपाच पट. सरळ रस्त्यावर नातीची गाडी ताशी २५ किलोमीटरला पोचते, त्यांची ५० ला. मी मराठीची बी.ए., मला यातलं पुढचं येत नाही. जावईबापू म्हणाले, "आई, धडकेचा जोर वजनाच्या पटीत वाढतो, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. वेग दुप्पट तर जोर चौपट." बरं. मग साडेपाच चोक बावीस. बावीस पट! नातीची गाडी कुणाच्या घोट्यावर आदळली तर तो "आई गं" म्हणेल आणि हसेल. दुसरी आदळली तर लंगडत घरी जाईल. दहा वर्षांच्या पोरीच्या मनगटावर आदळली तर काय, ते मला लिहायचं नाही.

आणि गोष्ट फक्त धडकेची नाही, मातीचीही आहे. मोठ्या गाडीचं चाक अकरा-साडेअकरा सेंटिमीटर व्यासाचं, लहानीचं जेमतेम त्याच्या निम्मं. मोठ्या गाड्यांनी वळणावर तीन सेंटिमीटरची चाकोरी पाडली तर त्यांना ती जाणवतही नाही. छोटी तिच्यात अडकून उलटते. उड्यांचंही तेच. गाडी लहान केली म्हणून पृथ्वीचं ओढणं लहान होत नाही. मोठ्या गाडीच्या मापाने बांधलेल्या उडीवर छोटी गाडी मधल्या खड्ड्यातच पडते. म्हणजे त्या ट्रॅकवर लहानांना नुसतं येऊ देणं हे सुद्धा पुरेसं नाही. आपण एकीकडे दार उघडायचं आणि दुसरीकडे उंबरठा कमरेएवढा करायचा, असं ते झालं.

आता समितीच्या बाजूचं जे म्हणणं आहे त्याकडे येते. ते मूर्ख नाहीत, त्यांची कारणं खरी आहेत.

पहिलं कारण पैशाचं. जागेचं भाडं वाढलं आहे, मोठ्या गाडीवाले संख्येने जास्त आहेत, आणि शनिवारचा चांगला तास पाच-सहा पोरांसाठी अडवून ठेवणं परवडत नाही. मान्य. तासाऐवजी अर्धा तास द्या. पण घड्याळ दाखवून द्या. अर्धा तास पूर्ण मिळणं हे तीन तास कडेला उभं राहण्यापेक्षा चांगलं, हे कुठलंही पोर सांगेल.

दुसरं कारण, मोठ्यांबरोबर चालवलं की लहान लवकर शिकतात. हे मी शाळेत इतक्यांदा ऐकलं आहे! मोठ्यांना पाहून शिकतात, हे खरं. मोठ्यांखाली येऊन शिकतात, हे खोटं. मोठ्यांचा अर्धा तास चालू असताना पोरांना मचाणाखाली बसवा, ती डोळे फाडून बघतात. आमची नात वळण कसं घ्यायचं ते तशीच शिकली.

तिसरं कारण मला सर्वात धोक्याचं वाटतं, कारण ते सर्वात गोड आहे. आपण सगळे एकाच छंदाची माणसं, मग हे आकाराचे भेद कशाला? तर मी विचारते, शर्यतीच्या दिवशी हे भेद का असतात? इथली राष्ट्रीय संघटना, ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशन, आकारांप्रमाणे वेगवेगळे विभाग चालवते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवणारी इफमार ही संघटना १/८, १/१० आणि १/१२ च्या स्पर्धा वेगवेगळ्या घेते. कुणी म्हणत नाही की आपण सगळे एक, सोडा सगळ्या गाड्या एकदम. म्हणजे करंडकाचा प्रश्न आला की आकार वेगळे, आणि पोरांच्या हाताचा प्रश्न आला की आपण सगळे एक! हे कुठलं तर्कशास्त्र?

शिवाय शर्यतीत मार्शल असतात. ज्यांची फेरी संपली त्यांनी पुढच्या फेरीला ट्रॅकभोवती उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, अशी पद्धत आहे. आधी स्वतः चालवा, मग दुसऱ्यासाठी उभे राहा. मला या छंदातली सर्वात आवडलेली गोष्ट हीच. पण खुल्या सरावाला मार्शल नसतो. प्रत्येकजण आपली गाडी उचलायला स्वतः धावतो. आणि सर्वात जास्त वेळा कोण उलटतं? लहान. म्हणजे ट्रॅकवर धावणार कोण? लहानच.

क्लबातले एक जुने सभासद आहेत, माझ्याच वयाचे. त्यांनी चहा घेता घेता एक गंमत सांगितली. पूर्वी या गाड्यांचे रिमोट २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचे. त्यात मोजकेच चॅनल, आणि प्रत्येकाला एक रंग: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. एका रंगावर दोघांनी रिमोट चालू केला की गाडी कुणाचंच ऐकेना. म्हणून क्लबात एक फळा असायचा, त्यावर रंगांचे चिमटे. आपल्या रंगाचा चिमटा हातात असल्याशिवाय रिमोटचं बटण दाबायचं नाही. चिमटा दुसऱ्याकडे असेल तर त्याच्याकडे जाऊन विचारायचं, "तुमचं कधी होईल?" बॅटऱ्याही तेव्हा निकेल-कॅडमियमच्या. पाच-सात मिनिटांत मान टाकायच्या. म्हणजे कितीही हावरट माणूस असला तरी पाच-सात मिनिटांनी ट्रॅक आपोआप रिकामा!

मग २००० नंतरच्या दशकात २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले. ते आपला मोकळा मार्ग आपणच शोधतात, चिमट्याची गरजच उरली नाही. लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आल्या, त्या सरावात अर्धा अर्धा तास पुरतात. मोटारीही जास्त ताकदीच्या आल्या. सुधारणा उत्तमच, मला तक्रार नाही. पण बघा काय झालं. पाळी लावणाऱ्या दोन गोष्टी होत्या, चिमटा आणि बॅटरी. दोन्ही गेल्या. आणि त्यांच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. पूर्वी यंत्राच्या अडचणीमुळे माणसाला माणसाकडे जाऊन विचारावं लागायचं. आता विचारावं लागत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. खुला सराव ही काही मोठी उदार कल्पना नाही हो. पाळी लावायचा कंटाळा आहे, त्याला दिलेलं ते चांगलं नाव आहे.

भाऊजींनी फोनवर आणखी एक मुद्दा काढला होता. "मुंबईत आझाद मैदानावर एकाच वेळी किती सामने चालतात! एकाचा पॉइंट तो दुसऱ्याचा फाइन लेग. कुणी मरतं का?" भाऊजी, मुद्दा चांगला आहे. पण तिथे सगळे साधारण एका वयाचे, सगळ्यांच्या हातात तोच चेंडू. शेजारच्या सामन्यातला चेंडू तुमच्याकडे येईल तेवढाच तुमचा त्यांच्याकडे जाईल. धोका समसमान, म्हणून सांभाळणंही समसमान. छोट्या गाडीने मोठीला काय इजा होणार? म्हणून मोठीला सांभाळावंच लागत नाही. सांभाळून घ्या असं दोघांना सांगितलं, तरी सांभाळतो फक्त ज्याचं मोडणार असतं तोच.

आता जे सांगते ते सांगायला मला फारसं आवडत नाही. पण भाऊजींनी शाळेचा विषय काढलाच आहे.

आमच्या शाळेला एकच मैदान होतं. मधल्या सुट्टीत पाचवी ते दहावी सगळे एकदम बाहेर. नववी-दहावीची मुलं मधोमध स्टंप रोवून खऱ्या चेंडूने खेळायची, आणि लहान मुलं कडेकडेने, भिंतीलगत. मी मैदानाची देखरेख करत असे. मुख्याध्यापकांना अभिमानाने सांगायची, आमच्याकडे सगळे मिळून खेळतात. एके दिवशी पाचवीतल्या एका मुलाला चेंडू लागला, भुवईवर. टाके पडले. मी त्याला दवाखान्यात नेलं, डोक्यावरून हात फिरवला, सगळं केलं. पण पहिलं वाक्य माझ्या तोंडून काय निघालं असेल? "तू मध्ये कशाला गेलास?"

तो मुलगा मध्ये गेलाच नव्हता. मध्य म्हणजे कुठे, हे दहावीच्या मुलांनी ठरवलं होतं. ती खेळत जातील तो मध्य. आणि मी, बाई म्हणून तिथे उभी असलेली, ते मान्य करून बसले होते. दुसऱ्या दिवशी मी पाळ्या लावू शकले असते. पाचवी-सहावीला पहिली दहा मिनिटं, मोठ्यांना नंतर. एक घंटा जास्त वाजवायची, एवढंच. नाही लावल्या. वर्षानुवर्षं नाही लावल्या. मोठी मुलं आंतरशालेय सामने जिंकून आणत होती ना!

परवा उंचवट्यापलीकडून नात रडत वर आली, तेव्हा मचाणावरून कुणीतरी म्हणालं, ती तिथे का गेली? अगदी सहज म्हणालं, वाईट हेतूने नाही. मला मात्र त्या क्षणी माझाच आवाज ऐकू आला. गाडी दुरुस्त झाली आहे. पण नातीने ती खोक्यात भरून कपाटावर ठेवली आहे. या शनिवारी तयार होऊन बसले तर म्हणाली, "आजी, नको. तिथे मला नुसतं थांबावंच लागतं." क्लबवाले म्हणतात, नवीन पोरं येत नाहीत, आली तरी टिकत नाहीत. कशी टिकतील?

तर मी समितीला पत्र लिहिलं आहे. (जावईबापूंनी इंग्रजी नीट करून दिलं.) मागणं फार नाही. एक, तासाला पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग करा आणि फळ्यावर लिहा. त्यातले दोन मोठ्यांना, एक मधल्यांना, एक लहानांना. दोन, गाडीचा गट खोक्यावरचा अपूर्णांक पाहून नको, काट्यावर ठेवून आणि वेग पाहून ठरवा. कारण १/१० म्हणवणारी हलकी बग्गी दीड किलोची असते आणि १/१० म्हणवणारा ट्रक अडीच किलोच्या घरात जातो. उलट दगडांवरून हळूहळू चढणारी १/१० ची गाडी तीन किलोची असली तरी चालण्याच्या गतीने जाते, ती कुणाला काय करणार? तीन, लहानांच्या पाळीला मोठ्या गाडीवाल्यांपैकी दोघांनी मार्शल म्हणून उभं राहावं. चार, दोनच माणसं आली असतील अशा दिवशी हे काही नको. त्यांनी आपसात बोलून घ्यावं, माणसं आहेत.

आणि पाच, पाळ्या बघणार कोण, असं ते विचारणार हे मला माहीत आहे. ते मी करीन. परत जायला मला अजून अडीच महिने आहेत. खुर्ची आहे, थर्मास आहे, मनगटावर घड्याळ आहे. आमच्या शाळेत घंटा वाजवायचं काम शिपाईमामांचं होतं, मला कधी करावं लागलं नाही. आता करते. लेकीच्या देवघरातली छोटी घंटा तिच्याकडून मागून घेतली आहे. ती मचाणापर्यंत ऐकू जाईल की नाही, ते आज अंगणात वाजवून बघणार आहे.

भाऊजी, आता हसा. पुढच्या शनिवारी सभेत काय होतं ते कळवीनच.